आईचा शिक्का

वरच्या बटाट्याच्या चकत्या चांगल्या काळपट होईपर्यंत विनीने मटणाचं हॉटपॉट ओव्हनमध्येच राहू दिलं. एड्रियनला त्या तशाच लागायच्या. बाकीच्यांनी नाकं मुरडली तर मुरडोत, बाकीचे दर रविवारी जेवायला येतच होते. धाकटा येत होता तो पावणेदोन वर्षांनी. मधे मार्चमध्ये बापाच्या दफनाला आला होता, पण तेव्हा चॅपलमध्ये अगदी मागच्या बाकावर बसला आणि चहालाही न थांबता लीड्सला परत गेला. त्याला येणं म्हणायचं तर म्हणा.

"आई, एक सांगून ठेवतो," डेरेक स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला. थोरला सकाळपासून टाय लावून फिरत होता. "जेवताना कागदाचा विषय नको. शेवटचं गोडाचं क्रम्बल खाऊन झालं की मी काढतो. विकत घेणाऱ्यांचा वकील तीनला येणार. त्याच्या आधी सह्या झालेल्या बऱ्या."

"तो करणार आहे का सही?"

"फोनवर येतो म्हणाला ना. न करायची असती तर आला कशाला असता?"

"जेवायला," विनी म्हणाली.

डेरेकची बायको मॉरीन टेबलावर काटे मांडत होती. ती तिथूनच बोलली, "आई, तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून घेता. चूक त्याची होती, सगळ्यांना ठाऊक आहे. कागदावर लिहून द्यायला एवढं काय जड जातंय? लॅपविंग कंपनी विकली गेली की संपलं. सुटलो एकदाचे."

विनीने नळ सोडला आणि धुतलेलीच परात पुन्हा धुवायला घेतली.

चूक त्याची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. रॅम्सक्लफ गावाला ठाऊक होतं, खेळांच्या मासिकांना ठाऊक होतं, ज्या पोरांनी नाताळात भेट मिळालेला खेळ रडत दुकानात परत नेला त्यांच्या आयांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, हार्टलीला ठाऊक होतं, आणि तेच मनात घेऊन तो गेला. तसं नव्हतं हे फक्त विनीला ठाऊक होतं. निदान आजपर्यंत ती तरी तसंच धरून चालली होती.

लॅपविंगची सुरुवात ह्याच टेबलावर झाली होती. हार्टली ऑर्मरॉडचं बँक स्ट्रीटवर टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सोळा वर्षांच्या एड्रियनने गल्ल्याच्या मागे बसून कॅसेटवरून चालणारा एक संगणकाचा खेळ लिहिला: चपट्या टोपीतला एक बुटका टॅकलर, म्हणजे माग दुरुस्त करणारा गिरणीतला मिस्त्री, मागांवरून उड्या मारत छतापर्यंत चढतो आणि भोंगा वाजवतो. बापाने सहा टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी लावून त्याच्या कॅसेटी भरल्या आणि आईने रंगीत कागदांना घड्या घालून ते डब्यांत सरकवले. नाव लॅपविंग, म्हणजे टिटवी, आणि डबीवर टिटवीचं चित्र, कारण मागच्या माळावर टिटव्या फार आणि हार्टलीला त्यांचं वेड. वर्षभरात 'टॅकलर' देशात पहिल्या नंबरवर गेला. मग आल्मा मिलची जुनी विणकामाची शेड घेतली. जिथे विनीची आई मागावर उभी असायची तिथे चौतीस बाया कॅसेटी डब्यांत भरायला लागल्या. लंडनची माणसं आगगाडीने रॅम्सक्लफला यायला लागली आणि स्टेशनवर उतरून टॅक्सी शोधायला लागली. टॅक्सी गावात एकच होती.

पण लॅपविंगचं नाव झालं ते खेळापेक्षा शिक्क्यामुळे. त्या काळी निम्मे खेळ असे असायचे की ते शेवटापर्यंत जातच नसत. लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी शेवट पाहिलेला नसायचा. कुठे जिना अर्ध्यात संपायचा, कुठे किल्ली भिंतीत अडकायची. एक दिवस बर्नलीहून एक बाई दुसऱ्याच कुणाचा तरी खेळ घेऊन हार्टलीच्या दुकानात आली, हा दुरुस्त करून द्या म्हणून. हार्टली हसला नाही. त्याच संध्याकाळी त्याने विनीसमोर कळफलक ठेवला. "तू खेळ," म्हणाला. "तुझ्याच्यानं संपला तर कुणाच्याही आईच्यानं संपेल." विनीला धड फोनचा नंबर फिरवता येत नव्हता. तीन आठवड्यांनी टॅकलरचा भोंगा वाजला तेव्हा ती हातातल्या मिठाच्या बरणीसकट उठून नाचली होती.

तेव्हापासून नियम पडला. विनीने शेवटापर्यंत खेळल्याशिवाय कुठलाही खेळ शेडमध्ये जायचा नाही. तिने चिठ्ठीवर पेन्सिलीने 'चालेल' लिहिलं की शेड सांभाळणाऱ्या मुलीने, हिलरीने, माल भरायला घ्यायचा. मग हिलरीनेच विनीचं एप्रनमधलं, अंगठा वर केलेलं चित्र काढून घेतलं आणि खाली छापलं: 'आईने शेवटपर्यंत खेळलेला'. ते चित्र एकोणतीस खेळांवर आलं. ब्लॅकपूलच्या समुद्रावर अनोळखी पोरं तिला हाक मारून विचारायची, आई, चौथ्या मजल्यावरून खाली कसं यायचं. ती आइस्क्रीम हातात धरून त्यांना सांगायची.

एकोणतिसावा खेळ होता 'टॅकलर चंद्रावर'.

बेल वाजली तेव्हा हिलरीने दार उघडलं. ती आणि तिचा धाकटा भाऊ क्षणभर एकमेकांकडे बघत राहिले.

"जाड झालास," हिलरी म्हणाली.

"विम्याच्या कचेरीत कॅन्टीन चांगलं आहे."

"आणि केस?"

"ते कॅन्टीनमुळे नाही गेलेले."

हिलरीने हसत त्याचा कोट काढून घेतला आणि विनीला वाटलं, आता होईल सगळं नीट. मग एड्रियन आत आला, त्याने तिच्या गालाला गाल लावला, आणि "कशी आहेस, आई?" असं विचारलं. शेजारच्या घरची बाई भेटल्यावर विचारतात तसं.

जेवताना कागदाचा विषय निघाला नाही. डेरेक बापाच्या खुर्चीवर बसला होता. एड्रियनने ते पाहिलं आणि काही बोलला नाही. काळ्या चकत्या सगळ्या त्याच्या ताटात गेल्या. त्याने लाल कोबीबरोबर त्या खाल्ल्या आणि डेरेक हवेवर बोलत राहिला, फुटबॉलवर बोलत राहिला, मोटारीवर बोलत राहिला.

"डोरिस कशी आहे?" एड्रियनने हिलरीला मधेच विचारलं.

"गुडघे गेलेत तिचे. पण पेट्या बांधायला अजून तिच्यासारखी कुणी नाही. तुझी आठवण काढते. पोरगा वाईट नव्हता म्हणते."

"नव्हता म्हणते?"

हिलरी ताटात बघायला लागली.

क्रम्बल संपलं. मॉरीनने बश्या उचलल्या आणि डेरेकने कपाटावरून निळी फाइल काढली. विनीला वाटलं होतं की आपण चहा करायला उठू आणि तोवर हे सगळं आटोपेल. तिचं असंच होतं. तिने आयुष्यात पुष्कळ गोष्टी चहा करता करता आटोपू दिल्या होत्या.

"सरळ बोलतो," डेरेक म्हणाला. "लंडनवाल्यांना आपले खेळ नकोत. जुने झाले म्हणतात. त्यांना टिटवी हवी आहे आणि आईचं चित्र हवं आहे. शिक्का. आजही दुकानात पोरांचे आईबाप तो शिक्का बघून डबा उचलतात, असं त्यांनी माणसं पाठवून विचारून घेतलंय. ते शेड चालू ठेवणार, बाया ठेवणार. दहा वर्षांचं लिहून देतायत."

"चांगलं आहे की," एड्रियन म्हणाला.

"पण चंद्रावरचं प्रकरण त्यांना साफ करून हवं आहे. शिक्का खोटा नव्हता, एवढं कागदावर हवं. आईने खेळला तेव्हा खेळ ठीक होता, नंतर तू कुणाला न विचारता त्यात हात घातलास. तीन ओळी आहेत. खाली तू सही करायची, आणि कंपनीची मोठी भागीदार म्हणून आईने."

एड्रियनने कागद घेतला. तीन ओळी वाचायला लागावा त्याच्यापेक्षा खूप जास्त वेळ त्याने तो वाचला.

"खेळातली ती भिंत मी केव्हा हलवली, डेरेक?"

"हे बघ, तारखेचा कीस नको काढू."

"जुलैत. तुझ्या जाहिरातीच्या चित्रात शेवटच्या गिरणीला धुराडं होतं, ते पडद्यावर दिसायला हवं म्हणून तू माझ्या डोक्यावर बसलास. धुराड्यासाठी मी भिंत एक घर सरकवली. शेवटच्या दाराची किल्ली तिच्यामागे गेली. ते मला कळलं नाही, ते माझं. ऑगस्टमध्ये खेळ आईकडे गेला. भिंत सरकवूनच गेला."

"मग आईने संपवला कसा?" मॉरीनने विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, ती खरंच विचारत होती. "किल्ली नसताना दार उघडलं कसं?"

"म्हणून तर," डेरेक म्हणाला. "म्हणूनच भिंत नंतर हलली असणार. तुला आठवत नसेल. तेव्हा तू झोपत कुठे होतास?"

हाच हिशेब डेरेकने त्या जानेवारीतही ह्याच टेबलावर मांडला होता. कॅसेटचं बरं होतं. मंगळवारी चूक सापडली तर बुधवारी नव्या भरायच्या. पण चंद्रावरचा खेळ कॅसेटवर नव्हता, जपानी खेळयंत्राच्या कार्ट्रिजवर होता. त्या जाड प्लास्टिकच्या वड्या थेट जपानातून बनून यायच्या आणि त्यांची मागणी चार महिने आधी नोंदवावी लागायची. एकदा बनल्या की बनल्या. ऐंशी हजार वड्या नाताळापूर्वी दुकानांत गेल्या, आणि नव्या वर्षात ऐंशी हजार घरांत टॅकलर शेवटच्या दारासमोर उभा राहिला. दार उघडेना. मासिकांनी विनीचं चित्र छापलं आणि त्याखाली नको नको ते लिहिलं. तेव्हा हार्टलीने धाकट्याला विचारलं होतं, "आईने खेळल्यावर तू काही बदललंस?" एड्रियनने आधी विनीकडे पाहिलं. विनी चहा ओतत होती. ती ओतत राहिली. मग एड्रियन एक शब्द न बोलता उठला आणि घर सोडून गेला, आणि हार्टलीने त्या गप्प राहण्याचा सरळ अर्थ घेतला.

"सही करून टाक ना, एड्रियन," हिलरी हळू आवाजात म्हणाली. "मला माहीत आहे, हे तुला लागतं. पण तुझी नोकरी आहे, तुझं चाललंय. माझ्या बायांना ह्या गावात दुसरीकडे कोण घेणार? गिरण्या उरल्यात कुठे?"

"तू पण त्याच्या बाजूची झालीस होय?"

"मी डोरिसच्या बाजूची आहे."

एड्रियनने मान हलवली. त्याला तिचं पटलं असावं असं त्याच्या चेहऱ्यावरून विनीला वाटलं, आणि तेच तिला सहन झालं नाही. भांडला असता, आदळआपट केली असती, तर कदाचित ती ह्याही वेळी गप्प बसली असती.

"मी तो खेळलेच नव्हते," विनी म्हणाली.

"काय?" डेरेक म्हणाला.

"चंद्रावरचा. पाचव्या गिरणीपर्यंत खेळले. पुढच्या चार मी पाहिल्याच नाहीत." बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "शुक्रवारी तुला चिठ्ठी हवी होती, जपानला मागणी जायची होती. आणि बुधवारी, गुरुवारी मी साउथपोर्टला होते. फुलांच्या प्रदर्शनाला. माझी बहीण आली होती ऑस्ट्रेलियाहून. आम्ही बिगोनिया बघितले, कोळंबी खाल्ली. एक दिवस राहणार होतो, दोन राहिलो. मला कंटाळा आला होता रे. दहा वर्षं मी तो टोपीवाला उड्या मारताना बघत होते. शुक्रवारी बसले, डोळे दुखायला लागले, आणि मी लिहिलं 'चालेल'. म्हटलं, बाजारात गेल्यावर ह्याच्या खेळात कधी काही निघालंय का? दरवेळी सापडायचं तेवढं मला आधीच सापडलंय, ह्यावेळी पुढे काही नसेल."

घड्याळात दोन वीस झाले होते. मॉरीनच्या हातातल्या बश्या हातातच होत्या.

डेरेक उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग वळून, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "आई, तू दमली आहेस. बाबा गेल्यापासून तू धड झोपत नाहीस. हे तू बोललीच नाहीस असं आपण समजू."

"मी बोलले, डेरेक."

"बाबांना माहीत होतं?" हिलरीने विचारलं. तिचा आवाज फाटला होता.

"नाही."

"आई, ते दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते. तू रोज जायचीस. रोज. ते पोराचं नाव काढायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मी पाहिलंय. आणि तू शेजारी बसून काय करत होतीस, विणत होतीस?"

विनी विणतच होती. निळा स्वेटर. रोज जाताना बसमध्ये ती ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज हार्टली तिला बघून हसायचा, म्हणायचा, एक माणूस आहे ज्याने मला कधी फसवलं नाही. मग कसं सांगायचं? उद्या सांगू. एक दिवस उद्या उरला नाही.

हिलरीने टेबलावरचा कागद ओढून घेतला. "हा मी फाडते. ह्याच्यावर कुणी सही करणार नाही. ह्या पोराला आपण कुत्र्यासारखं हाकललं."

"फाड," डेरेक म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "फाड, आणि उद्या सकाळी आठला शेडवर जाऊन डोरिसला तूच सांग. शिक्का खोटा होता म्हटल्यावर लंडनवाले काय विकत घेणार, टिटवी? टिटव्या माळावर फुकट आहेत. आणि आयव्हीला सांग, जिच्या नवऱ्याला छातीचं दुखणं आहे त्या आयव्हीला. मला नाही जमणार. तुझ्या बाया आहेत."

हिलरीचे हात कागदावर तसेच थांबले. फाडायला फार वेळ लागत नाही, पण तिने फाडला नाही. हळूहळू तिने तो पुन्हा टेबलावर ठेवला, तळहाताने सरळ केला, आणि रडायला लागली. मॉरीनने बश्या खाली ठेवल्या आणि नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला. गेल्या दहा वर्षांत त्या दोघी एकमेकींना धड चहा विचारत नव्हत्या.

"पेन दे," एड्रियन म्हणाला.

डेरेकने खिशातलं पेन काढून दिलं. द्यायला त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने ते भावाच्या हातात न देता टेबलावर ठेवलं. म्हणाला, "धुराड्याचं माझ्या लक्षात होतं. म्हणजे, मी विसरलो नव्हतो."

"माहीत आहे."

"एड्रियन, नको रे," विनी म्हणाली. "मी वकिलाला सांगते. मी सगळं सांगते."

"आई, मला माहीत होतं."

तिला आधी कळलंच नाही.

"तुझ्याकडे दिलेल्या कच्च्या कार्ट्रिजमध्ये बॅटरी होती. खेळणारा जिथे थांबतो ती जागा तिच्यात राहते. बोंबाबोंब झाली तेव्हा मी ते कपाटातून काढून लावून पाहिलं. पाचवी गिरणी, दुसरा मजला. बाबांनी इथे बसवून विचारलं त्याच्या आदल्या दिवशी." त्याने सही केली. त्याची सही शाळेत होती तशीच होती, गोल गोल. "बाबांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं ना, ते म्हणून. मला वाटलं, आत्ता किटली खाली ठेवेल. आत्ता ठेवेल."

"तू का नाही बोललास?"

"मी बोलायचं? आईने लबाडी केली म्हणून? सगळ्या देशाला तू माहीत होतीस. आणि मी तर चुका करायचोच. पहिल्या खेळापासून करत होतो, म्हणून तर तू खेळायचीस. मला वाटलं, आज नाही तर उद्या सांगेल. लीड्सला खोली घेतली तेव्हा पहिल्या आठवड्यात फोन घेतला, कर्ज काढावं तसं मोठ्या मिनतवारीने, कारण तू फोन करशील. दर रविवारी दुपारी मी घरी थांबायचो. एक वर्ष थांबलो. मग सोडून दिलं."

विनीने हात पुढे केला. त्याने तो झिडकारला नाही, पण त्यात पेन ठेवलं.

"कर सही, आई. हिलरी बरोबर म्हणतेय. मला लीड्समध्ये कोण ओळखतं? विम्याच्या कचेरीत कुणाला काय पडलंय, टॅकलर चंद्रावर का अडकला त्याचं. बायांचं खरं आहे."

दोन वर्षांत त्याने तिच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. तिला ती नाकारता आली नाही. तिने सही केली, 'विनिफ्रेड ऑर्मरॉड', आपल्या मुलाच्या गोल सहीच्या बरोबर खाली, आणि आपल्या हाताने त्याच्यावर ते कायमचं लिहून दिलं.

वकील तीनला पाच कमी असतानाच आला. तरतरीत, हसतमुख माणूस होता, बूट पुसून आत आला, घरात काय शिजलंय त्याचं कौतुक केलं. कागद बघितले, फुंकर घातली, पिशवीत ठेवले. मग विनीकडे वळून तो लाजल्यासारखा हसला.

"मिसेस ऑर्मरॉड, एक खासगी विचारू? आमच्या घरी दोन मुलं आहेत. मी कुणाकडे चाललोय हे कळल्यावर त्यांनी मला बजावून पाठवलंय. तुम्ही खरंच सगळे खेळलात? शेवटापर्यंत?"

विनीने तोंड उघडलं. हिलरी, डेरेक, मॉरीन, तिघांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिघांनी एकदमच नजर खाली घातली.

"एकूण एक," दारातून एड्रियन म्हणाला. तो कोट घालत होता. "आम्हाला जेवायला वाढायची शुद्ध नसायची तिला. मुलांना सांगा."

"वा," वकील म्हणाला. "सांगतो."

विनी एड्रियनच्या मागे फाटकापर्यंत गेली. पायात घरातल्याच सपाता होत्या. माळावरून वारा सुटला होता आणि गल्लीत रविवारची सामसूम होती.

"पुढच्या रविवारी येशील?"

त्याने कोटाची बटणं लावली, सगळी, वरपासून खालपर्यंत. तिला वाटलं, आता रागावेल. तो रागावला नाही.

"डेरेकचं मला काही वाटलं नाही, आई. मासिकांचंही नाही. आणि तुझं, तू दोन दिवस फुलं बघायला गेलीस, त्याचं तर मुळीच नाही. जायलाच हवं होतं तू, दहा वर्षं झाली होती." तो थांबला. "फक्त बाबांना सांगायचं होतंस. त्यांना एकट्याला. मग आजचं मी हसत केलं असतं."

"मी रोज ठरवत होते रे."

"हो," तो म्हणाला. "मीही."

तो उतारावरून खाली स्टेशनकडे गेला. रविवारचं त्याने काही सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलं नाही. कोपऱ्यावर तो दिसेनासा झाल्यावरही ती थोडा वेळ फाटक धरून उभी राहिली. तिला वाटत होतं की आपल्याला आता रडू येईल, पण ते आलं नाही.

आत वकिलाने पिशवीतून कॅमेरा काढला होता. जुनं चित्र आता थोडं जुनाट वाटतं, तो सांगत होता, नव्या डब्यांवर खराखुरा फोटो घ्यायचा असं लंडनला ठरलंय. सगळं तेच हवं, एप्रन तेच, अंगठा तसाच वर. फार वेळ घेणार नाही. मॉरीनने दाराच्या खुंटीवरून एप्रन आणलं. हिलरीने डोळे पुसले, आईसमोर उभी राहून तिचे वाऱ्याने उडालेले केस बोटांनी मागे सारले, आणि तिच्या नजरेला नजर न देता बाजूला झाली.

"जरा हसा," वकील म्हणाला.

विनीने अंगठा वर केला आणि ती हसली.